फोटो कोणाचा?

दिवाळीच्या पाडव्याला घरोघर फोटो निघतात. आजोबा खुर्चीत, पायाशी नातवंडे, आणि मागे उभे राहून मान उंच करणारे जावईबापू. या फोटोत आपण आहोत याचे कोणालाच नवल वाटत नाही. जुन्या अल्बममध्ये पाटावर पालथे पडलेले बाळ आपणच, हेही आपण असेच गृहीत धरलेले असते. परंतु ज्या मुलांचे घर म्हणजे बालगृह, त्यांच्यापाशी असला पुरावा बहुधा नसतो. त्यांचा एक फोटो असतो कचेरीतल्या फायलीत, अर्जाला टाचलेला. दुसरा असतो पाहुण्यांच्या हातून खाऊ घेतानाचा. दोन्हींत मूल कसला तरी दाखला म्हणून उभे असते.

अशा मुलांना छायाचित्रण शिकवावे का, असे कोणी विचारले तर आपण 'अवश्य शिकवावे' म्हणून मोकळे होतो. छंद निरुपद्रवी, आणि उद्या पोटापाण्यालाही उपयोगी. मला अडचण वाटते ती पुढची. त्या मुलाने काढलेला फोटो कोणाचा?

लंडनच्या टॉमस बर्नार्डो यांनी आपल्या अनाथाश्रमात येणाऱ्या मुलांचे फोटो काढून ठेवण्याची व्यवस्था १८७४ मध्ये केली. नोंदीसाठी ती योग्यच होती. पण जोडीने कार्डेही विकली जात: एकावर चिंध्या पांघरलेले पोर, दुसऱ्यावर तेच पोर नीटनेटक्या वेषात कामाला लागलेले. १८७७ मध्ये त्यांच्या कारभाराची लवादापुढे चौकशी झाली. बहुतेक आरोपांतून ते सुटले. परंतु फोटोसाठी मुलांना आहे त्याहून दीनवाणे दाखवणे मात्र लवादाने गैर ठरवले. बर्नार्डो लबाड गृहस्थ नव्हते. हजारो पोरांना त्यांनी छप्पर दिले. म्हणूनच हे उदाहरण अधिक बोचते. दुष्टाने मुलाचा चेहरा विकला तर आपण त्याला दुष्ट म्हणून मोकळे होतो. सज्जनाने मुलाच्याच भल्यासाठी विकला, तर काय म्हणावे?

पुढे शंभराहून अधिक वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये जिम हबर्ड या वृत्तछायाचित्रकाराने बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यातल्या मुलांच्या हातीच कॅमेरे दिले. त्या फोटोंचे पुस्तक १९९१ मध्ये निघाले. ज्यांच्याकडे जग कॅमेरा रोखत होते, ती मुले आता उलट जगाकडे पाहू लागली.

या उलट पाहण्यातच शिक्षणाचे सारे मर्म आहे असे मला वाटते. बालगृहात उठण्याची घंटा, जेवणाची घंटा, निजण्याची घंटा. कपडे एकसारखे, पेट्याही एकसारख्या. तिथे 'चौकटीत काय घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे हे तू ठरव' असे सांगणारी वस्तू मुलाच्या हाती पडते, ही लहान घटना नव्हे. खिडकीतून येणारे ऊन भिंतीवर कधी सरकते याची वाट पाहणारे मूल त्या दिवसापुरते घंटेच्या बाहेर असते.

पण त्याच दालनात आणखी तीस मुले राहतात, आणि त्यांना लपायला कोपरा नाही. म्हणून छिद्र आणि झडप समजावण्याआधी मास्तरांनी विचारायला शिकवावे: 'तुझा फोटो काढू का?' आणि समोरून 'नको' आले, तर कॅमेरा खाली घ्यायला. ज्यांना आजवर कोणी विचारलेच नाही, त्यांना स्वतःच्या 'नको'ला वजन आहे हे तिथे प्रथम कळते.

मग येते प्रदर्शन. आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७४ वे कलम अशा मुलांची ओळख उघड करणारे चित्र प्रसिद्ध करू देत नाही. मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट १९५७ चा कॉपीराइट कायदा छायाचित्राचा कर्ता म्हणून ते टिपणाऱ्यालाच ओळखतो. तिथे वयाची अट नाही. म्हणजे फोटो मुलाचा, आणि त्यातला मित्राचा चेहरा मात्र भिंतीवर लावायचा नाही. मला यात विसंगती दिसत नाही. पाय, सावल्या, दोरीवरचे कपडे, उघडी पेटी यांतूनही पुष्कळ सांगता येते.

'पण वर्गाचा खर्च देणगीतूनच निघतो ना?' असे चालक विचारतील, आणि त्यांचे खोटे नाही. अहवालात चार बोलके फोटो गेले तर छपराची गळती थांबते. 'मुलाला विचारून छापू' हे उत्तर मला पुरत नाही. ज्याच्या घरी दोन वेळा जेवतो त्याला 'नको' म्हणणे आपल्यासारख्या थोरांनाही जमत नाही. दहा वर्षांच्या पोराने अधीक्षकांना ते कसे म्हणावे? म्हणून मी म्हणेन, की विचारणारा माणूस संस्थेबाहेरचा असावा, आणि नकाराचे कारण त्याने विचारू नये. चार देणग्या कमी येतील. त्या दुसऱ्या वाटेने मिळवाव्यात. अहवालाला इमारतीचा फोटोही चालतो.

आणि पहिली प्रत कागदावर छापून मुलाच्या हाती द्यावी. हल्ली फोटो फोनमध्येच राहतो, आणि फोन मास्तरांचा असतो! अठरा वर्षे पुरी झाली की बहुधा बालगृह सुटते. त्या दिवशी पेटीत दोन सदरे, दाखले आणि गुणपत्रिका असतात. त्यांच्या तळाशी एक पाकीट असावे, वर मुलाच्याच अक्षरात तारीख घातलेले.