करीना आणि साक्ष

मराठीतील घराण्यांच्या इतिहासलेखनाचे मूळ बहुधा बखरीत शोधले जाते. करीन्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की वादी आणि प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकीकत लेखी मांडीत, तो करीना. मूळपुरुष कोण, वतन कोणी मिळविले, कोणत्या प्रसंगी कोण कामी आले, हे सारे त्यात येई. पण येई ते हक्क शाबीत करण्यासाठी. विसाव्या शतकातील कुलवृत्तांताने तंटा मागे टाकला; पक्षकाराचा सूर मात्र टाकला काय? राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना अस्सल कागदाला बखरीहून वरचे स्थान दिले. ती शिस्त आवश्यकच होती. तथापि अस्सल कागदही पक्षकाराचाच असू शकतो.

सागरी इतिहासात हा पेच अधिक तीव्र होतो. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) मराठी कागदांत सरखेल आहेत; क्लेमंट डाउनिंगच्या १७३७ मधील इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच आंग्रे 'चाचे' ठरतात. या शब्दाचा प्रतिवाद करणे न्याय्य आहे. दस्तक नसलेले गलबत आंग्रे धरीत, तसे कार्ताझ नसलेले जहाज पोर्तुगीजही धरीत. एकाचा कायदा आणि दुसऱ्याची लूट हा भेद नामकरण करणाऱ्याच्या सोयीचा आहे. मात्र एवढ्यावर थांबणारे लेखन म्हणजे करीन्यास दिलेले करीन्याचेच उत्तर होय. ज्या व्यापाऱ्याचे गलबत गेले, त्याचे नुकसान या युक्तिवादाने भरून येत नाही.

१७५६ चा प्रसंग याहून अवघड. फेब्रुवारीत विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि नानासाहेब पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांचे सहकारी होते. घराण्याचा, प्रदेशाचा आणि स्वराज्याचा अभिमान येथे एका वाक्यात नांदू शकत नाहीत. मग लेखक कर्ता गाळतो: 'आरमार नष्ट झाले.' व्याकरणाने करून दिलेली ही सोय शैलीचा दोष म्हणून सोडून देता येणार नाही. तिच्यात एक नैतिक निर्णय दडलेला असतो. (कुलवृत्तांतात एखाद्या शाखेपुढे 'माहिती उपलब्ध नाही' असे छापलेले असते, तेव्हाही कधी कधी हेच घडलेले असते.) त्या गलबतांवरील खलाशी तर कोणाच्याच करीन्यात नाहीत.

समुद्रापासून दूर, शहापूर तालुक्यातील सापगावासारख्या गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यालाही हीच विषमता भेटते. वतनदाराचा, सावकाराचा कागद सापडण्याचा संभव असतो. कातकऱ्याचा तो मुळातच झालेला नसतो. अशा वेळी मौखिक स्मृतीकडे वळणे हा स्वाभाविक मार्ग, पण तो निरुपद्रवी नव्हे. दप्तरातील माणूस बोलून मोकळा झालेला असतो. वेठीची आठवण सांगणारा त्याच गावात राहतो, आणि ज्याचे नाव तो घेतो त्याचे वारसही तेथेच असतात. पुस्तक छापून संशोधक निघून जातो. ते नाव छापावे की गाळावे, हे सांगणाऱ्याला विचारल्यावाचून ठरविण्याचा अधिकार त्याला कोणत्या शास्त्राने दिला, याचे उत्तर संशोधनपद्धतीवरील आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे शोधले गेलेले नाही.