घरचा प्रयोज्य

लातूरात राहून पोरीने बारावीनंतर मानसशास्त्र घ्यावे, हे पंढरपुरात राहून विठोबाकडे पाठ फिरवण्यासारखे आहे. ज्या गावाने जगाला 'लातूर पॅटर्न' दिला, जिथे परगावची पोरे डॉक्टर होण्यासाठी खोल्या भाड्याने घेऊन राहतात, तिथे आमच्या कन्येने बी. ए.ला नाव घातले. बातमी नांदेडला पोचताच मेव्हण्यांचा फोन आला.

"दाजी, मार्क कमी पडले का?"

"नाही, चांगले आहेत."

"मग पोरीची तब्येत तर बरी आहे ना?"

नांदेडशी आमचे नाते दुहेरी. बायकोचे माहेर तिथले आणि पोरीचे विद्यापीठही. १९९४ साली तिथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, तेव्हापासून लातूरची पोरे पेपर लातूरात लिहितात आणि निकालासाठी नांदेडकडे तोंड करून बसतात. मीही तिथलाच बी. कॉम. मानसशास्त्राबद्दल माझी समजूत एवढीच, की ते वेड्यांसाठी शहाण्यांनी काढलेले शास्त्र आहे.

पण या विषयालाही प्रात्यक्षिक असते, हे मला ठाऊक नव्हते. केमिस्ट्रीला परीक्षानळी लागते, तसा मानसशास्त्राला माणूस लागतो. त्याला 'प्रयोज्य' म्हणतात. आमच्या घरी रविवारी रिकामा माणूस मीच.

तिने मला आरशासमोर बसवले. कागदावर चांदणी काढलेली. कागद पुठ्ठ्याआड झाकलेला. फक्त आरशात बघून तिच्या रेघांवरून पेन्सिल फिरवायची. वीस वर्षे बँकेत आकडेमोड केलेला माझा हात उजवीकडे म्हटले की डावीकडे पळू लागला.

"बाबा, बोलू नका. मी चुका मोजतेय."

"त्याला आरसा कशाला लागतो?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मी तोंडी सांगते की!"

असे हसतखेळत चालले होते. एका रात्री जेवताना तिने मिलग्रॅमची गोष्ट काढली. १९६१ साली अमेरिकेत, येल विद्यापीठात त्याने हा प्रयोग सुरू केला. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा. दर चुकीला १५ व्होल्ट वाढवत ४५० पर्यंत जायचे. झटके खोटे आणि भिंत बडवणारा माणूस सोंग करणारा, पण बटण दाबणाऱ्यांना ते माहीत नव्हते. ते कचरले की कोट घातलेला एक माणूस शांतपणे सांगे, पुढे चालू ठेवा. ४० पैकी २६ जण शेवटपर्यंत गेले.

"राक्षस होते का ते?" बायकोने विचारले.

"छे गं! साधी माणसं. शिक्षक, सेल्समन, पोस्टातले कारकून."

कारकून म्हणताच माझा घास हातातच राहिला.

मागे एका शुक्रवारी खेड्यातली एक म्हातारी निराधार योजनेचे पैसे काढायला काउंटरवर आली. केवायसीचे कागद जुने झाल्यामुळे तिचे खाते अडकले होते. वर्षानुवर्षे बघितलेला चेहरा. फॉर्म भरून द्यायला दहा मिनिटे लागली असती. पण डबा उघडायची वेळ झाली होती. मी म्हणालो, "वरून ऑर्डर आहे. सोमवारी झेरॉक्स घेऊन या."

"लेकरा, मला वळखीत न्हाईस का रं?"

"मी ओळखतो मावशी, पण कॉम्प्युटर ओळखत नाही!"

या वाक्यावर सगळा स्टाफ हसला. मीही हसलो. म्हातारी सोमवारी आली, ती शेजारणीकडून गोळ्यांपुरते हातउसने घेऊन. मला बोलली काहीच नाही.

हे मी आजवर घरी सांगितले नव्हते. सांगून झाल्यावर मोठ्या आशेने पोरीला विचारले, "म्हणजे तुझ्या शास्त्राप्रमाणे दोष परिस्थितीचा ना? माझा नाही?"

ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, "बाबा, १४ जण थांबले होते. त्याच खोलीत, त्याच माणसासमोर."

मग माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "पण त्यांनीसुद्धा ३०० व्होल्टपर्यंत बटण दाबलं होतंच," ती म्हणाली.

त्या रात्री झोप लागेना. तिचे प्रात्यक्षिकाचे जर्नल टेबलावर पडले होते. जर्नल आम्हा कॉमर्सवाल्यांचेही असते. त्यात प्रत्येक नोंदीखाली आम्ही नॅरेशन लिहितो. पैसे का गेले, कशापायी गेले, ते त्यात कळते. पण नॅरेशन कितीही सुरेख लिहिले, तरी नावे पडलेली रक्कम जमेला जात नाही. पोरीचे शास्त्र मला नॅरेशन देत होते आणि मी त्यावर रक्कम माफ करून मागत होतो. माणूस असा का वागला, हे कळले की ते कारण. ते कारण त्याने स्वतःच खिशात घालून फिरवले की त्याची सबब होते. दुसऱ्याला माफ करायला कारण शोधावे, हे ठीक. स्वतःसाठी शोधताना मात्र हात आरशातल्यासारखा उलटाच चालतो.

यानंतर मी संत झालो, असे कृपा करून समजू नका. डबा मी अजून वेळेवरच उघडतो. पण मध्यंतरी एक म्हातारबाबा आले, तेव्हा सवयीने तोंडातून निघाले, "वरून ऑर्डर आहे." आणि माझे मलाच वर बघावेसे वाटले.

वर पंखा होता. मी फॉर्म काढला.