शेवटचा पंप आणि भोगोपभोगाचे परिमाण

अनेकांनी मिळून वापरायची तार जळाली, तर दोष कोणाचा मानावा, हा प्रश्न वरवर विद्युत्‌शास्त्राचा वाटला तरी त्याचा गाभा नीतिविचाराचा आहे. कॅनडातील क्लेई एंटरटेनमेंट या कंपनीच्या, २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या 'ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड' या व्हिडिओ गेममध्ये तो उघड्या रूपात समोर येतो. लघुग्रहाच्या पोटात वसाहत उभारणाऱ्या खेळाडूला साध्या तारेवर १,००० वॉटपर्यंतच भार चालवता येतो, आणि जनित्रे कितीही जोडली तरी तारेला त्यांची झळ लागत नाही. तिला इजा होते ती मागणीने. जोडलेल्या यंत्रांच्या भाराची बेरीज मर्यादेहून मोठी असली तरी ती सगळी एकाच वेळी सुरू होत नाहीत तोवर सारे सुरळीत चालते, पण झाली की तारेचा एखादा तुकडा तुटतो, आणि तो सर्वाधिक वीज ओढणाऱ्या यंत्राजवळचाच असेल असे मुळीच नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठण, गंगापूर, कन्नड या तालुक्यांतील शेतकऱ्यांना हे रब्बीच्या हंगामात पडद्यावर पाहावे लागत नाही. गावाबाहेरच्या खांबांवर बसवलेले रोहित्र, ज्याला सगळे 'डीपी' म्हणतात, ते उच्च दाबाची वीज पंपाला पेलेल अशा दाबावर उतरवते आणि त्याच्यावर अनेकांच्या विहिरी अवलंबून असतात. सामायिक वितरणाचा सारा हिशेब, सर्वजण एकाच क्षणी मागणी करणार नाहीत, या विश्वासावर मांडलेला असतो. परंतु वीज आल्याबरोबर पंप आपोआप सुरू करणारा 'ऑटोस्विच' घरोघर बसला की तो विश्वास मोडतो, कारण मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि सगळ्या मोटारी तो एकाच क्षणी ओढतात. त्यात कोणी आकडा टाकलेला असतो, कोणी ५ अश्वशक्तीची नोंद करून साडेसातचा पंप सोडलेला असतो, आणि वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी कोणी जाड तार गुंडाळलेली असते. फ्यूज म्हणजे इतरांच्या आधी वितळावी म्हणूनच मुद्दाम दुबळी ठेवलेली तार. ती काढून टाकणे म्हणजे मर्यादा सांगणारा एकमेव साक्षीदार नाहीसा करणे होय.

डीपी जळाली की गावात ज्याने पंप सर्वांत शेवटी लावला त्याच्याकडे बोट दाखवले जाते, आणि पदार्थविज्ञान त्या बोटाला वरकरणी आधारही देते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, सारखे पंप धरल्यास, एका पंपामुळे होणारी उष्णता १ मानली तर नऊ पंपांमुळे ती ८१ आणि दहा पंपांमुळे १०० होते. म्हणजे दहाव्याने एकट्याने १९ची भर घातली. मात्र हेच गणित त्याला निर्दोषही ठरवते, कारण पहिला मनुष्य शेवटी आला असता तर तीच १९ त्याच्या नावावर चढली असती. 'शेवटचा' हा केवळ क्रमाचा योग असून दहाही प्रवाह तारेत सारखेच वाहत असतात, तेव्हा उष्णतेची वाटणी माणशी करण्याचा कोणताही न्याय्य मार्ग क्रमातून निघत नाही. कोणा एकाची कृती पुरेशी नाही आणि कोणाचीही कृती निरुपद्रवी नाही, अशा अपराधाला शिक्षेची भाषा अपुरी पडते.

येथे जैन श्रावकाचाराचा एक विचार उपयोगी ठरतो, आणि ज्या जिल्ह्यात वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी व कचनेरचे तीर्थक्षेत्र आहे तेथे तो परका नाही. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात गृहस्थासाठी भोगोपभोगपरिमाण हे व्रत सांगितले आहे. भोग म्हणजे अन्नासारखी एकदाच वापरून संपणारी वस्तू, उपभोग म्हणजे वस्त्रासारखी पुन्हा पुन्हा वापरता येणारी, आणि परिमाण म्हणजे दोहोंची आधीच ठरवलेली मर्यादा. या व्रताचा विशेष असा की ते निषिद्ध वस्तूंपुरते नाही. ज्या उपयोगी आहेत, ज्यांचा वापर गैर नाही, त्यांनाही ते सीमा घालते. शिवाय जन्मभराच्या मर्यादेला 'यम' आणि ठरावीक काळाच्या मर्यादेला 'नियम' असे वेगळे नाव देऊन नियमाचा काळ दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू असा मोजलेला आहे.

वीजजोडणी घेताना अर्जावर लिहिला जाणारा 'मंजूर भार' हे या परिमाणाचेच लौकिक रूप म्हणता येईल, कारण त्यातही माणूस वापरापूर्वी स्वतःची वरची सीमा शब्दांत देतो. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की मंजूर भार कार्यालयाला कळवला जातो, तर व्रत स्वतःशी बांधले जाते. म्हणून पहिल्याला फ्यूजची गरज लागते आणि दुसऱ्याला लागत नाही. व्रताविरुद्धचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल: ज्याने आपला ऑटोस्विच काढून टाकला, कपॅसिटर बसवला आणि भार जेवढ्यास तेवढा ठेवला, त्याचाही गहू इतरांबरोबरच सुकतो.

महाराष्ट्रात २०१८ पासून राबवलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीने यावर तांत्रिक उत्तर दिले: एका किंवा दोन पंपांसाठी एक छोटे रोहित्र, म्हणजे शेजाऱ्याची चूक शेजाऱ्यापाशीच थांबते. सौर पंपाने तर तारच काढून टाकली. तेव्हा सामायिकता संपली असे वाटते, पण ती तारेतून विहिरीत उतरलेली असते, कारण मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपणारे पाणी बांध ओळखत नाही, आणि उन्हे असेतोवर निःशुल्क चालणाऱ्या पंपांना तेथे थांबवणारी फ्यूज कोणी बसवलेली नाही. समंतभद्रांनी नियमासाठी सांगितलेले 'ऋतू' हे माप या पाण्याला तंतोतंत लागू पडते. खरिपानंतर विहिरीत किती हात पाणी उभे आहे ते पाहून त्या हंगामाचा उपसा ठरवणे, हा तो नियम होय.