वस्तीच्या सुखाचे माप



एखादा समाज सुखी आहे, हे कशावरून ठरवावे? पुष्कळ काळ राष्ट्रे उत्पन्नाची सरासरी पुढे करीत आली. परंतु सरासरीत श्रीमंताची तिजोरी गरिबाची रिकामी चूल झाकून टाकते. १९९० साली अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक मांडला. त्यात उत्पन्नासोबत आयुर्मान आणि शिक्षणही मोजले जाऊ लागले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या तिरमिजीतील एका हदीसचा आशय असा, की जो निर्भयपणे सकाळी उठला, ज्याचे शरीर निरोगी आहे आणि ज्याच्याजवळ त्या दिवसाचे अन्न आहे, त्याला जणू सारे जग लाभले. सूरह कुरैशमध्येही अन्नाबरोबर भयमुक्तीची देणगी सांगितली आहे. भय उत्पन्नाच्या कोष्टकात दिसत नाही. ते माणसाजवळ बसून विचारावे लागते.

ह. उमर (रजि.) यांचा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यांच्या खिलाफतीत दूध तुटलेल्या बालकांनाच भत्ता मिळत असे. एका रात्री गस्तीवर असताना त्यांना तान्ह्या मुलाचे रडणे वारंवार ऐकू आले. चौकशी केली तेव्हा त्यांना न ओळखणारी ती माता म्हणाली, की भत्त्यासाठीच ती वेळेआधी बाळाचे दूध तोडत होती. फज्रच्या नमाजात उमर (रजि.) इतके रडले, की त्यांचे पठण लोकांना नीट कळेना. नंतर त्यांनी जन्मापासूनच भत्ता देण्याची घोषणा केली. दफ्तर चोख होते, पण माप चुकले होते. आणि त्या चुकीचे ओझे सर्वांत दुबळ्या जीवावर पडले होते.

आपणही आपली मापे तपासावीत. इमाम गझाली यांनी शरीअतची पाच उद्दिष्टे सांगितली: धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि संपत्ती यांचे रक्षण. मोहल्ल्याची प्रगती मशिदीच्या मिनाराच्या उंचीवरून नव्हे, तर या पाचांवरून जोखावी. कोणती मुलगी शाळेतून घरी बसली? कोणता आजारी माणूस औषधावाचून आहे? कोणते घर कर्जाच्या भीतीने रात्र जागते? जकातीच्या वहीत वाटलेल्या रकमेसोबत, किती कुटुंबांना पुन्हा जकातीची गरज उरली नाही, हेही लिहावे.

सूरह तकासुर बजावते, की लाभलेल्या देणग्यांबद्दल त्या दिवशी निश्चितच विचारणा होईल. ती होण्यापूर्वी शेजाऱ्याची विचारपूस करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.