झीज कुणी सोसायची?

गेल्या महिन्यात नाशिकच्या मावसभावाचा मेसेज आला. बारावी झाल्यावर मावशीनं त्याला एक सेकंडहँड ड्रमकिट घेऊन दिलं आहे. त्यानं ऑनलाइन दुकानातल्या कार्टचा स्क्रीनशॉट पाठवला होता. सिंबलच्या स्लीव्ह, नमद्याच्या चकत्या, मेमरी लॉक, किक ड्रमला चिकटवायचा पॅच, आवाज दाबायचे जेलचे तुकडे, जास्तीची चावी, किटखाली टाकायचं जाजम. आणि खाली प्रश्न : ‘ताई, यातलं खरंच काय लागतं? बाकीचं उडवतो. बजेट संपलंय.’

मी लगेच टाइप केलं, ‘काहीच लागत नाही रे. वाजव बिनधास्त.’ पण पाठवायच्या आधी ते पुसलं. कारण हेच वाक्य दहा वर्षांपूर्वी मी स्वतःला ऐकवलं होतं आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली होती.

ड्रमकिट फक्त स्टेजवर लांबून पाहिलं असेल, तर आधी ही एवढीशी वस्तू समजून घेऊ. सिंबल म्हणजे आपली झांजच, फक्त जोडीनं नाही तर एकटी, स्टँडवर बसवलेली. चांगली झांज काशाची असते, साधारण 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील. तिच्या मधोमध भोक असतं, त्यातून स्टँडचा पोलादी दांडा वर येतो. दांड्याला आटे असतात, कारण वरून विंग नट फिरवून बसवायचा असतो. दांडा आणि झांज यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी असते. हीच ती स्लीव्ह. झांजेच्या खाली आणि वर नमद्याच्या जाड चकत्या असतात.

नळी काढून टाकली तर काय होतं? पहिल्या दिवशी काहीच होत नाही. खरी गोची हीच आहे. काठी पडली की झांज डोलते, आणि डोलली की भोकाची कड आट्यांवर घासते. पोलाद काशापेक्षा कठीण असतं, त्यामुळे आटे कानशीचं काम करतात. एका तालमीत शेकडो वेळा. हळूहळू गोल भोक एका बाजूला लांबट होत जातं, जुन्या कुलपाच्या भोकासारखं. मग कधीतरी तिथूनच तडा सुरू होतो. तडा गेलेली झांज पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

कॉलेजात आमच्या फिरोदियाच्या तालमी चालू होत्या. कॉलेजच्या किटवरची पितळी झांज जेवणाचं ताट पडल्यासारखी वाजायची. एका मित्राच्या शेजारी राहणारे एक काका पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत होते. ऑक्टोपॅड आल्यापासून त्यांचं किट बहुतेक वेळ पलंगाखालीच असायचं, तरी एखाद्या लग्नाला, नाताळच्या कार्यक्रमाला अजून बाहेर निघायचं. त्यांनी त्यांची 16 इंची क्रॅश टॉवेलात गुंडाळून मला दिली. सोबत श्रीखंडाचा रिकामा डबा. डब्यात एक नळी, दोन चकत्या, एक विंग नट. म्हणाले, “झांज विसरलीस तरी चालेल, डबा विसरू नकोस.” मला तो विनोद वाटला.

दुसऱ्याच आठवड्यात नळी घरंगळत स्टेजच्या फळ्यांखाली गेली. दोन मिनिटं शोधली. कुणीतरी म्हणालं, “चालतंय गं.” आणि खरंच चाललं. थोडी खडखड यायला लागली म्हणून मी विंग नट आवळला. खडखड थांबली. पण आवळलेली झांज मोकळी डोलू शकत नाही, आणि मग काठीचा सगळा मार धातूलाच खावा लागतो. म्हणजे एक चूक झाकायला मी दुसरी केली. असे तीन महिने गेले.

झांज परत करायला गेले तेव्हा काकांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली. भोकाच्या कडेनं नख फिरवलं. एका जागी नख अडकलं. तिथून केसाएवढा बारीक तडा निघाला होता. त्यांनी विचारलं, “नळी कुठंय?” मी म्हणाले, “डब्यात असेल.” मग त्यांनी तड्यावर बोट ठेवलं, आणि त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हणाले, “तो आधीपासूनच असेल, काका.”

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “असेल.”

नंतर मित्राकडून कळलं, त्यांनी झांज एका लेथवाल्याकडे नेली आणि तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून घेतलं. ही जुनी युक्ती आहे. तड्याच्या अणकुचीदार टोकावर एकवटलेला ताण गोल कडेवर पसरतो, त्यामुळे तडा पुढे पळायचा थांबतो किंवा निदान रेंगाळतो. काका तीच झांज वाजवत राहिले. नवी घेणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि मी तर तो विषयच काढला नाही.

तेव्हापासून ‘खरंच लागतं का?’ हा प्रश्न मला साधा वाटत नाही. अॅरिस्टॉटलनं ‘मेटाफिजिक्स’च्या पाचव्या पुस्तकात ‘आवश्यक’ या शब्दाचे अर्थ वेगवेगळे करून मांडले आहेत. एक अर्थ : जिच्यावाचून जगताच येत नाही ती गोष्ट, म्हणजे श्वास, अन्न. दुसरा अर्थ : जिच्यावाचून जगता येतं, पण चांगलं काही हाती लागत नाही किंवा वाईट टळत नाही. याची त्याची उदाहरणं अगदी घरगुती आहेत. बरं व्हायला औषध पिणं, आणि आपले पैसे मिळवायला जहाजानं इजायना बेटावर जाणं. मावसभाऊ पहिल्या अर्थानं विचारत होता. नळीशिवाय झांज वाजते का? वाजते. दुसऱ्या अर्थानं विचारलं की उत्तर बदलतं. आणि मला त्यात आणखी एक प्रश्न घालावासा वाटतो. ही वस्तू काढली, तर तिचं काम कुणाच्या अंगावर पडतं?

‘कमीत कमी वस्तूंत जगावं’ हे आपल्याला पटकन पटतं. अपरिग्रहाचं मोल इथे कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. ग्रीसमधल्या डायोजिनिसची गोष्टही रील्सवर फिरत असते. एका मुलाला ओंजळीनं पाणी पिताना पाहून त्यानं स्वतःचा पेला फेकून दिला. पण या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे. पेला गेल्यावर त्याचं काम डायोजिनिसच्या स्वतःच्या हातांनी उचललं. मी नळी सोडून दिली, तेव्हा तिचं काम काकांच्या झांजेनं उचललं. त्यानं केला तो त्याग होता. मी केलं ते ढकलणं होतं. दोन्ही लांबून सारखेच दिसतात, साधेपणासारखे.

अर्थात या युक्तिवादाचा बाजार किती फायदा घेतो, हेही माहीत आहे. फोनला कव्हर, कव्हरवर रिंग, स्क्रीनला काच, कॅमेऱ्याला वेगळी काच, वर वाढीव वॉरंटी. ‘नंतर पस्तावाल’ हे सांगून काहीही विकता येतं. मग फरक कसा ओळखायचा? मी माझ्यापुरता असा करते : फोन पडेल हे ‘कदाचित’ आहे. झांज घासणं हे प्रत्येक ठोक्याला आहे. भीतीचा विमा काढायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जी झीज रोज, न चुकता होते, तिचा भार कुणीतरी उचलतच असतं. तो आपल्याला दिसत नसेल, तर बहुधा दुसरं कुणीतरी उचलतंय.

दुकानातल्या बाईंना बसायला स्टूल खरंच लागतं का? दुकान तर स्टुलाशिवायही चालतं. साड्या विकल्या जातात, बिलं होतात. गुडघे आणि पाठ मात्र हळूहळू जातात. केरळमध्ये 2018 साली आणि तमिळनाडूत 2021 साली दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानं बंधनकारक झालं. एका स्टुलासाठी कायदा करावा लागला, कारण ‘गरज नाही’ म्हणणारा आणि दिवसभर उभा राहणारा, ही दोन वेगळी माणसं होती. नळी झिजायलाच बनवलेली असते. माणूस तसा बनवलेला नसतो.

आणि इथे मला काकांचीच दुसरी गोष्ट आठवते. त्यांच्याशी बोलताना आम्ही नेहमी उजव्या बाजूला बसायचो. डाव्या कानानं त्यांना फार कमी ऐकू यायचं. “हायहॅटनं खाल्ला,” असं ते हसत सांगायचे. उजव्या हाताच्या ड्रमरच्या डाव्या बाजूला हायहॅट असते, वर्षानुवर्षं कानापासून दोन-अडीच फुटांवर. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशींमुळे आपण ऐकतो, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या माणसानं प्रत्येक झांजेला नळी घातली, श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवली, त्यानं स्वतःच्या कानात कधी कापसाचा बोळाही घातला नाही. झांजेची पावती होती, किंमत माहीत होती. कानाची पावती कुणी दिलीच नव्हती.

मावसभावाच्या कार्टमध्येही एवढ्या वस्तू होत्या, इअरप्लग नव्हते.

शेवटी मी त्याला सविस्तर लिहिलं. मेमरी लॉक उडव. दर आठवड्याला किट खोलून पुन्हा लावणाऱ्याला तो लागतो, तुझं किट खोलीतून हलणार नाही. जेल उडव, बीटल्सच्या उत्तरकाळातल्या रेकॉर्डिंगमध्ये रिंगो स्टार ड्रमवर चहाचे टॉवेल टाकायचा, तुला आईचा जुना नॅपकिन पुरेल. जाजम लागतंच, नाहीतर किक पुढे सरकत जाते, पण ते विकत घेऊ नकोस, माळ्यावरची सतरंजी काढ. पॅच नंतर बघू. किकचं पान झिजलं तर पान बदलता येतं. चावी एकच बास, ती दोरीनं स्टँडला बांध. नळ्या आणि चकत्या घे. विंग नट बोटांनी फिरवायचा, जोर लावून नाही. आणि उरलेल्या पैशांत फोमचे इअरप्लग घे, आजच.

त्याचा अंगठा आला. मग विचारलं, ‘एवढं सगळं तुला कुणी शिकवलं?’

मी लिहिलं, ‘एका काकांनी.’ पुढे काही लिहिलं नाही.

त्यांचा नंबर अजून माझ्याकडे आहे. या दहा वर्षांत दोनदा काढून बघितला. खरं सांगायचं तर त्यांना कमी ऐकू येतं, फोनवर सगळं मोठ्यानं सांगावं लागेल, ‘काका, तो तडा आधीपासून नव्हता, माझ्यामुळे गेला.’ हे वाक्य मोठ्यानं म्हणायची माझी तयारी होत नाही. पण मी न बोलण्यानं वाचते, तेवढं ते ‘असेल’ त्यांच्याच अंगावर राहतं. त्यांनी ते माझ्यासाठी झेललं होतं, नळीसारखं.

या रविवारी फोन करणार आहे.