विकू नये, पण कोणासाठी?

आजोबांचे घर सात-आठ वारसांच्या नावावर येते. त्यातले बहुतेक मुंबई-पुण्यात नाहीतर परदेशात असतात. घराचे काय करायचे हा विषय निघाला की बोलणे एका वाक्यापाशी येऊन अडते: वाडवडिलांची वास्तू विकायची नसते. हे वाक्य धर्माचे म्हणून उच्चारले जाते, त्यामुळे त्यावर सहसा कोणी बोलत नाही. घराला कुलूप लागते आणि वर्षे जातात. माझे म्हणणे असे की ‘विकू नये’ या नियमामागे शास्त्रकारांनी दिलेले कारणच आपण विसरून गेलो आहोत. ते ध्यानात घेतले, तर विकलेल्या घरापेक्षा कुलूप लावून पडू दिलेले घर हाच त्या नियमाचा मोठा भंग ठरतो.

महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेचा विचार शतकानुशतके ‘मिताक्षरे’ला धरून झाला. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानेच उत्पन्न होतो, हा तिचा गाभा. बंगालात प्रमाण मानलेल्या जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’त मात्र बाप गेल्यावरच मुलाचा हक्क सुरू होतो. हा फरक केवळ वकिली नाही. दायभागाच्या दृष्टीने घर मृताकडून जिवंताकडे येते. मिताक्षरेच्या दृष्टीने ते एकट्या मृताचे कधी नव्हतेच. म्हणून स्थावर विकायला मज्जाव करताना मिताक्षरा ज्या वचनाचा आधार घेते, त्यात पितरांचे नावही नाही. त्याचा आशय असा: जे जन्मले, जे अजून जन्मायचे आहेत आणि जे गर्भात आहेत, त्या सर्वांना वृत्ती, म्हणजे जगण्याचे साधन हवे असते, म्हणून दान करू नये, विकूही नये. अपवादही तिथेच सांगितले आहेत. आपत्काल असेल, कुटुंबाचे पोषण अडले असेल, टाळता न येणारे धर्मकृत्य असेल, तर एकट्यालाही स्थावर विकता येते. राखायचे ते माणसांसाठी आणि विकायचे तेही माणसांसाठीच.

पितरांचे काय, असे कोणी विचारील, आणि हा आक्षेप हलका नाही. तीन ऋणांची कल्पना तैत्तिरीय संहितेइतकी जुनी आहे. पण फेडही तिथेच सांगितली आहे: ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. वास्तू सांभाळण्याचा त्यात उल्लेख नाही. श्राद्धाच्या जागेचा मुद्दा याहून अवघड. परक्याच्या भूमीवर श्राद्ध केले तर त्या भूमीच्या मालकाचे पितर ते विफल करतात, असे वचन धर्मशास्त्रात आहे, आणि त्यावरून स्वतःची जागा हवीच असे कोणी म्हणू शकेल. पण त्याच चर्चेत अरण्ये, डोंगर, नद्या आणि तीर्थे कोणाच्याच मालकीची नसल्याने तिथे ही अडचण येत नाही, असेही सांगितले आहे. गयेला आणि नाशिकला गोदाकाठी पिढ्यान्‌पिढ्या श्राद्धे होत आली, ती या मोकळीकीत बसतात. देवघराचीही गोष्ट निराळी नाही. कुलदैवताचा टाक म्हणजे हातात मावेल एवढा धातूचा पत्रा. माणूस जिथे जातो तिथे तो बरोबर नेता येतो.

मला खरी ताकद वाटते ती दुसऱ्या आक्षेपात. कोकणातल्या कितीतरी घराण्यांत गणपती मूळ घरीच बसतो. भाऊबंद वेगळे राहिले तरी वेगळी मूर्ती आणत नाहीत. ते घर गेले तर चुलतभावंडांची मुले एकमेकांना ओळखणारही नाहीत. हा उपयोग खरा आहे, आणि नाती हेही जगण्याचे साधन असल्याने मी त्याला वृत्तीच मानीन. मात्र तो कोणाच्या जिवावर चालतो, तेही पाहायला हवे. जांभ्याचे कौलारू घर आपोआप उभे राहत नाही. पावसाआधी शाकारणी करावी लागते, फुटकी कौले बदलावी लागतात, वाळवीची माती दिसताच झाडावी लागते. चूल पेटत असे तेव्हा धुराने वाशांना कीड लागत नसे. एक कौल सरकले आणि दोन पावसाळे कोणी पाहिले नाही, की वासा कुजतो, मग भिंत भिजते. ज्या घरात गणपतीला सगळे जमतात, ते मागे राहिलेल्या एखाद्या भावाने किंवा विधवा काकूने राखलेले असते, आणि उताऱ्यावर तिचा हिस्सा इतरांइतकाच असतो. तिथे निर्णय अवघड नसावा. तिला हयातभर राहू द्यावे आणि शाकारणीचा खर्च दूर राहणाऱ्यांनी उचलावा.

पैशाची गोष्ट निघाली की त्यागाची भाषा सुरू होते, आणि त्याग मागितला जातो तो बहिणींकडे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या कलम 23 मुळे पुरुष वारस वाटणीचे ठरवीपर्यंत मुलींना राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते कलम 2005 मध्ये गेले. जन्मसिद्ध हक्क मुलीला महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि साऱ्या देशाने 2005 मध्ये दिला. मिताक्षरेने मुलापुरता ठेवलेला सिद्धान्त असा पुरा व्हायला आठ-नऊ शतके लागली. तरी माहेर तुटेल या धाकाने हक्कसोडपत्रावर सह्या होतातच. तुकोबांचे चरित्रकार सांगतात की त्यांनी कर्जखतांची वाटणी करून निम्मी खते धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत सोडली. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. त्यागाचे माप हेच धरावे: तो ज्याचा त्याने करायचा, आणि आधी ज्याचे पोट भरलेले आहे त्याने. गोव्यात मुलगा-मुलगी समान वारस आहेत. तिथे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या, प्रक्रियेत घराचे तुकडे न पाडता वारसांमध्येच लिलाव होऊ शकतो, आणि घर घेणारा बाकीच्यांना त्यांचे हिस्से पैशात देतो. घर अखंड राहते आणि बहिणीचा वाटाही बुडत नाही. आपल्याकडे कोर्टाची पायरी न चढता, संमतीने हे करता येते.

घर काय, देह काय, सगळे नश्वरच, मग वाद कशाला, असे म्हणणारेही असतात. वैराग्य खरे असेल तर हिस्सा सोडायला वेळ लागत नाही. हिस्सा नावावर ठेवून सहीला मात्र न येणे, याला वैराग्य म्हणता येणार नाही.

ज्या घरात आपल्यापैकी कोणी राहत नाही आणि पुढेही राहणार नाही, ते राहणाऱ्याला द्यावे. भाऊबंदांत कोणी असेल तर त्याला. नसेल तर गावातल्या, घराची गरज असलेल्या कुटुंबाला, मग भाव थोडा कमी आला तरी चालेल. येत्या गणपतीत सगळे हिस्सेदार एकत्र असतील. बहिणींना आणि तिथे राहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्या, आणि घरी परतण्याआधी काय ठरले ते कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या.