वेदनेची फिर्याद

सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगाने भोगावे लागणारे दुःख आध्यात्मिक ताप म्हणून वर्णिले. सांख्यांनीही शारीर आणि मानस ही त्याच तापाची दोन अंगे मानली. शरीराच्या व्यथेला मनाच्या क्लेशाशेजारी बसविणारी ही दृष्टी मला फार खोल वाटते.

देह आणि मन यांचा हा शेजार नवसाच्या बगाडातही दिसतो. वाईजवळच्या बावधनास रंगपंचमीला भैरवनाथाचे बगाड निघते. बगाड्याला आज शिडाला बांधतात. पूर्वी मात्र ठिकठिकाणी नवसकऱ्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचून त्याला अधांतरी फिरवीत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1967 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात वर्णिलेल्या या प्रथेचा दाखला रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेवरील आपल्या विवेचनात घेतला, कारण मज्जारज्जूत वेदनेला रोखू शकणारे द्वार असते हा सिद्धान्त त्यांनी व पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडला होता.

त्वचेतील सूक्ष्म संवेदी तंतू आघाताची वार्ता मज्जारज्जूच्या पृष्ठशृंगाशी आणतात, आणि तेथे ग्लुटामेटाच्या जोडीला सबस्टन्स पी व सीजीआरपी ही न्यूरोपेप्टाइडे स्रवून तिची तीव्रता वाढवितात; तंतूंच्या बाहेरच्या टोकांशी हीच द्रव्ये रक्तवाहिन्या रुंदावून जखमेभोवती लाली आणतात. परंतु मज्जारज्जूची ही कचेरी आलेली प्रत्येक फिर्याद जशीच्या तशी हुजुरात रवाना करीत नाही: मेंदूतून उतरणाऱ्या हुकमानुसार तिच्यातल्याच काही पेशी 1975 साली ॲबर्डीन येथे शोध लागलेले अफूसदृश एन्केफॅलिन स्रवून कित्येक फिर्यादी दफ्तरदाखल करतात. 1978 साली तर असेही आढळले की, दात काढलेल्या रुग्णांना औषध समजून दिलेल्या निष्क्रिय द्रव्याने मिळणारा आराम, अफूसदृश द्रव्यांचा प्रभाव रोखणारे नॅलॉक्सोन दिल्यावर लोपतो. म्हणजे भरवसा देखील देहातल्या अफूसदृश द्रव्यांच्याच वाटेने काम करतो.

यामुळे श्रद्धेचे मोल घटते असे मला मुळीच वाटत नाही. संदेशाची तीव्रता मोजता आली, तरी तो ज्याला जाणवतो तो साक्षी कोण, हा वेदान्ताचा प्रश्न अबाधितच राहतो. मात्र ज्याला वेदना साहवत नाही त्याची भक्ती उणी, असे म्हणण्याचा अधिकार आता कोणालाही उरलेला नाही. कारण दीर्घ दुखण्यात पृष्ठशृंगातील पेशीच अतिसंवेदनशील होऊन बसतात आणि हलका स्पर्शही दाहक होतो. मिरजेच्या रुग्णालयात मॉर्फिन मागणारा वारकरी नामस्मरणाला पारखा होत नाही. ते औषध मज्जारज्जूत ज्या ग्राहकांशी जुळते, त्यांच्याशीच त्याच्या देहातले एन्केफॅलिनही जुळत असते.